कापडाची धमनी

परळ-लालबागच्या वस्तीत एके काळी दोन मोठे कारभार शेजारी शेजारी चालत. एकीकडे गिरण्यांत कापड विणले जाई, दुसरीकडे १९२६ साली उघडलेल्या के. ई. एम. रुग्णालयात माणसे सांधली जात. या दोन कारभारांचे नाते किती जवळचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते. साठी उलटल्यावर, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत, तिची भिंत कधीकधी अशक्त होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबप्रमाणे एका जागी फुगते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि एके दिवशी फुटते. तेव्हा पुष्कळांना रुग्णालय गाठण्याइतकाही अवधी मिळत नाही.

थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली डॉ. निसेन यांनी त्यांच्या धमनीचा फुगवटा सेलोफेनने गुंडाळला. त्या वेष्टनाने सहा वर्षांहून अधिक काळ साथ दिली. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला. पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि शांतपणे जगाचा निरोप घेतला.

१९५१ साली पॅरिसमध्ये द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे मृत माणसाची धमनी जोडली. पण अशा धमन्या आणायच्या कोठून? मग कापड पुढे आले. अमेरिकेत डॉ. डीबेकी नायलॉन घ्यायला दुकानात गेले. ते संपले होते, म्हणून डेक्रॉन नावाचे नवे कापड त्यांनी आणले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली! आपल्याकडे टेरिलीन म्हणून मिरवले, त्याच जातीचे हे कापड.

परळही स्वस्थ नव्हते. के. ई. एम.चे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी महाधमनी अरुंद करणाऱ्या रोगाचा अभ्यास करीत होते. १९६३ साली त्यांचा त्यावरील निबंध विलायतेत छापून आला. १९६८ च्या फेब्रुवारीत सेन यांनी हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण परळचे नाव जगात गेले.

पुढे १९९० साली ब्यूनोस आयर्समध्ये डॉ. पारोदी यांनी पोट न फाडता, जांघेतल्या धमनीतून कापडाची नळी आत सरकवली आणि धातूच्या जाळीने ती आतून बसवली. रोगी थोड्याच दिवसांत घरी! विलायतेत झालेल्या एका मोठ्या तुलनेत पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी शेकडा ४.७ दगावले, नळीवाल्यांपैकी १.७.

एवढ्यावर कथा संपती तर किती बरे होते! पण पोट उघडून शिवलेली नळी टाक्यांनी पक्की असते. ही नळी केवळ दाबाने आणि बारीक आकड्यांनी धरलेली असते. जुना फुगवटा तिच्याभोवती तसाच राहतो. वर्षे जातात, धमनीचा गळा रुंदावतो, नळी खाली घसरते, जोड सुटतात, लहान शाखांतून रक्त उलटे झिरपते. कधी नळीचा एखादा पाय मुरडून आत गुठळी होते आणि चालताना पोटरी दुखू लागते. त्याच तुलनेचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतरच्या काळात फुगवटा पुन्हा फुटून नळीवाल्यांतले १३ जण दगावले होते, पोट उघडलेल्यांतले २. आरंभीचा नफा असा हळूहळू आटला.

म्हणून ही पद्धत वाईट ठरत नाही. थकलेल्या, हृदय दुबळे असलेल्या म्हाताऱ्याला ती जीवदानच देते. पण तिची एक अट आहे : सोनोग्राफी किंवा स्कॅन नेमाने, आयुष्यभर. झिरपा वेळीच दिसला तर बहुधा पुन्हा जांघेतूनच दुरुस्ती होते. घात होतो तो बरे वाटण्याने. माणूस बरा होतो, कोकणात गावी जातो, फाइल ट्रंकेत पडते आणि तपासणीची तारीख कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

१९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या थंडावल्या. साच्यांचा खडखडाट आता नाही. पण साच्यावरच्या कामगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : कापड चांगले निघत असले तरी धाग्यावरची नजर काढायची नाही. तुमच्या घरात कोणा वडीलधाऱ्याच्या पोटात असे कापड असेल, तर या दिवाळीत नवे कॅलेंडर भिंतीवर लावताना तपासणीची तारीख त्यावर आधी लिहा, सणवार मागाहून.