गोफणीपासून छऱ्यापर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तोफा उभ्या राहतात. आमच्या संग्रामपूरच्या तर नावातच संग्राम आहे, आणि तोफाही फार दूर नाहीत. उत्तरेला सातपुडा आडवा पसरला आहे. त्याच्याच कडेने पूर्वेकडे गेले की नरनाळ्याचा किल्ला लागतो आणि तिथे ती प्रसिद्ध नऊगजी तोफ आहे. शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि सुमारे पंधरवड्याने गाविलगडही पडला. हा सारा इतिहास आम्ही मास्तर मंडळी मुलांकडून घोकून घेतो. परंतु दिवाळीच्या फराळाच्या ताटात तोफा वाढण्याचा माझा विचार नाही. मला सांगावयाचा आहे तो एका लहानशा बंदुकीचा इतिहास. जत्रेत फुगे फोडताना आपण सर्वांनी ती खांद्याला लावलेली आहे. तीच ती छऱ्याची बंदूक, शहरी भाषेत एअरगन.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालेला, शाळेत शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तथापि या बंदुकीविषयी लोक मला इतक्या वेळा विचारतात, की उत्तर शोधता शोधता मी दीडशे-दोनशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

आधी गोफणीची आठवण केली पाहिजे, कारण शेतकऱ्याचे खरे हत्यार तेच. वऱ्हाडात ज्वारी कणसावर आली की शेतात माळा उभा राहायचा. चार मेढी, वर फळ्या, त्यावर उभी असलेली एखादी म्हातारी किंवा दहा-बारा वर्षांचे पोर, आणि हातात सुताची विणलेली गोफण. दिवसा पाखरे, रात्री रानडुकरे. रात्रीच्या राखणीला आमच्याकडे ‘जागली’ म्हणतात. जागलीला गेलेला माणूस शेकोटी पेटवी, डबा बडवी, आरोळ्या देई. गोफणीचा गुंडा सुटताना तिच्या शेंड्याचा जो फटकार वाजतो, त्यानेच निम्मी पाखरे उठत. गुंडा क्वचितच कुणाला लागे, आणि तो लागावा अशी अपेक्षाही नसे. राखणदाराचे काम हाकण्याचे होते.

डुक्कर मात्र फटकाराला भीत नाही. त्याच्यासाठी गावात एखाद-दुसरी ठासणीची बंदूक असे. तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, काकडा किंवा टोपी लावायची आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, त्यानंतर चार वर्षांनी उत्तरेत मोठा उठाव झाला, आणि इंग्रजाला हिंदी माणसाच्या हातातले प्रत्येक हत्यार खुपू लागले. १८७८ साली लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. गोऱ्या माणसाला मात्र सूट होती. या भेदामुळे हा कायदा सुशिक्षितांच्या मनाला झोंबला, आणि त्यावर वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून व सभांतून टीका होत राहिली.

सुशिक्षितांचा राग मानाचा होता. शेतकऱ्याची अडचण निराळी होती, आणि ती नेमकी ओळखली एका माणसाने. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतीच्या सुधारणेचे जे उपाय त्यांनी सुचविले, त्यांत रानडुकरांचा प्रश्न आहे. डुकरांपासून पीक राखण्यासाठी जुन्यापान्या बंदुका बाळगण्याइतकाही विश्वास सरकार शेतकऱ्यावर टाकत नसेल, तर ते काम सरकारने आपल्या पोलिसांकडे सोपवावे, आणि तरीही डुकरांनी पीक खाल्ले तर त्याची भरपाई पोलिसांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. हत्यार देत नाहीस ना, मग राखण तू कर, आणि राखण जमत नसेल तर पैसे मोज! इतका सरळ हिशोब पुढच्या पन्नास वर्षांत कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. आज पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होऊन वनखात्याकडून भरपाई मिळते. तिची कल्पना जोतीरावांनी तेव्हा मांडून ठेवली होती.

१९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्कही होता. स्वातंत्र्य आले, घटना झाली. घटनेत तो हक्क आला नाही. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला व १९६२ पासून अमलात आला. त्यात मात्र शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर तिच्या परवान्याची तरतूद कलम १३ मध्ये स्वतंत्रपणे केलेली आहे. लिटनच्या कायद्यापासून इथपर्यंत यावयास एक्क्याऐंशी वर्षे लागली.

आता छऱ्याच्या बंदुकीकडे वळू. ती दारूवर चालत नाही. कमान किंवा दट्ट्या यांनी दाबलेली हवा एकदम सुटते आणि शिशाचा छर्रा ढकलते. म्हणून ती खेळणे आहे असा समज पसरला. वास्तविक १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक लढाईसाठी घेतली होती. तिच्यात वीसेक गोळ्या एकदम भरता येत आणि ती माणूस मारीत असे. खेळण्याची कळा तिला पुढे अमेरिकेत आली. मिशिगनमधला पवनचक्क्यांचा एक कारखाना १८८८ च्या सुमारास पवनचक्कीबरोबर शेतकऱ्याला छऱ्याची बंदूक भेट देऊ लागला. लोक पवनचक्की विसरले आणि बंदूक मागू लागले! १८९५ मध्ये कारखान्याने बंदुकीचेच नाव धारण केले. ते नाव म्हणजे डेझी.

असलीच एक डेझी मुंबईच्या खेतवाडीत एका मुलाच्या हाती आली. वय असेल अकरा-बारा. मामा अमिरुद्दीन तय्यबजी मोठे शिकारी, त्यांनी दिलेली. मुलगा घराच्या आसपासच्या चिमण्या टिपी. १९०८ च्या सुमारास एक चिमणी अशी पडली की तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली जात? मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी पक्षी ओळखला, आणि कपाटांतले शेकडो पक्षी त्या मुलापुढे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांनी १९८५ साली आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावात ती पडलेली चिमणी आहे. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा एखादा चलाख विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘‘म्हणजे गुरुजी, बंदुकीमुळेच ते मोठे झाले!’’ मी त्याला विचारतो, ‘‘खेतवाडीत त्या वर्षी किती पोरांकडे बंदुका असतील? बाकीच्यांनी चिमणी उचलून तिचा गळा पाहिला का?’’

कायद्याकडे परत येतो, कारण वाचकांपैकी ज्यांची परसबाग किंवा संत्र्याची बाग आहे त्यांना तेच हवे असणार. १९६२ साली सरकारने छऱ्याच्या बंदुकीला परवान्यातून सूट दिली, पण एका परीक्षेवर. ठरलेल्या अंतरावरून ठरलेल्या जाडीच्या लक्ष्यातून छर्रा आरपार जाता कामा नये. २०१६ च्या नव्या नियमांनी ही परीक्षा आकड्यांत आणली. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक, किंवा छऱ्याचा जोर २० जूलपेक्षा अधिक असेल, तर परवाना हवा.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची संत्र्याची बाग. पिशवीतून नवी कोरी छऱ्याची बंदूक काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

‘‘गुरुजी, तुमी कायद्याचं वाचता म्हून इचारतो. याले लायसन लागत नाही ना?’’

मी नळी पाहिली, कागद पाहिला. ‘‘नाही लागत.’’

‘‘मंग झालं! वान्नेरायनं संत्रं ठिवलं नाही. राघू तं हुरडाही खाऊ देत नाहीत. आता एकेकाले पाहतो.’’

‘‘दादा, लायसन बंदुकीचं लागत नाही. वान्नेराचं लागते.’’

ते हसले, त्यांना वाटले मास्तर थट्टा करतात. पण माझ्या सगळ्या शोधाचे सार एवढेच होते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ या देशात भांडण चालले ते बंदूक कोणी धरावी याचे. ती कोणावर धरावी, हा प्रश्न देशभर एकसारखा विचारला गेला तो फार उशिरा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. एका कायद्याने सोडलेली वस्तू दुसऱ्या कायद्यात माणसाला पुरती अडकवते. या कायद्यातली ‘शिकार’ म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे, विष घालणे, फासा लावणे, जखमी करणे, घरटे नि अंडी मोडणे, हे सारे तिच्यात येते. ‘मारायचे नव्हते, नुसता चटका द्यायचा होता,’ हा बचाव म्हणून टिकत नाही. वानर, राघू, मोर, रोही, डुक्कर यांपैकी कोणालाही मनाने छर्रा मारता येत नाही. पूर्वी या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती. तिच्यात कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर असे जीव होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याकडे लेखी परवानगी मागण्याची वाट आहे. रोही आणि रानडुकरासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ साली तसा निर्णयही काढला होता. पण ते काम छऱ्याच्या बंदुकीचे नव्हेच. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा दाणा डुकराला नुसता चिडवतो. आणि आमच्या तालुक्याच्या माथ्यावर तर १९९७ पासून अंबाबरवा अभयारण्य आहे.

‘‘मंग हे घेतली कायले?’’ ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. त्यांचे संत्रे जात होते हेही खरे, आणि घरात बसून पाखरांची बाजू घेणे मास्तराला सोपे आहे हेही खरे. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १९१२ साली मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या खाद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्ष्यांची पोटे उघडून त्यांत दाणे किती नि किडे किती, हे त्यांनी पाहिले. राघू पिकाचा शत्रू ठरला, पण पुष्कळ पाखरांच्या पोटात शेतकऱ्याचेच शत्रू निघाले. दुसरी गोष्ट चीनची. तिथे १९५८ साली चिमण्या संपविण्याची मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या बडवून त्यांना बसू दिले नाही, त्या थकून पडल्या. पाठोपाठ किड्यांनी पिकांवर ताव मारला आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून तिथे ढेकूण घालावा लागला.

राहता राहिले उंदीर. धान्याच्या कोठीत उंदरावर छर्रा झाडणारे वीर मला ठाऊक आहेत. छर्रा पत्र्यावरून उसळतो आणि कुठे जाईल याचा नेम नाही. तिथे सापळाच बरा.

उसळलेला छर्रा आणि डोळा, हेच या बंदुकीचे खरे भय आहे. माणसाच्या डोळ्याला वेग फार लागत नाही. म्हणून ज्यांना ती बाळगायचीच आहे त्यांनी निशाणबाजांकडून शिकावे. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले ते हवेच्याच रायफलीने. आपल्या अंजली भागवतही त्याच खेळातल्या. दहा मीटरवर कागद, आणि कागदातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! ही मंडळी नळी सदैव लक्ष्याकडेच ठेवतात, नेम धरेपर्यंत चापावर बोट नेत नाहीत, आणि लक्ष्यामागे छर्रा अडविणारी भिंत असल्यावाचून उडवीत नाहीत. परसात मातीने भरलेली पेटी ठेवून त्यावर कागद लावला तर घरच्या मुलांना निर्मळ करमणूक होते. मात्र शेजारी मोठा माणूस हवा, आणि खेळ संपला की बंदूक कुलपात. हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी बंदूक पुन्हा पिशवीत घातली आणि पेटी किती खोल हवी ते विचारले.

आता ज्वारी कमी झाली, सोयाबीन-तूर आली, माळे दिसेनासे झाले. शेताच्या बांधाला झटका मशीनची तार असते, बागेत चमकणाऱ्या फिती फडफडतात, सोनाळ्याकडे रात्री उशिरापर्यंत जागलीच्या बॅटऱ्या हिंडताना दिसतात. गोफण विणणारा मात्र शोधावा लागतो. मला एक म्हातारेबुवा सापडले. मुलांना दाखवा म्हणून मी त्यांना शाळेच्या मैदानावर घेऊन आलो. त्यांनी गुंडा निवडला, गोफणीत ठेवला, आणि मग थांबून सबंध वर्गाला आपल्यापासून दूर, पार पिंपळाच्या पलीकडे नेऊन बसवले. नवशिक्याचा गुंडा मागे सुटतो म्हणाले.