पाण्यावरचा पहारा

१५ जून १७९३. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका अरुंद खाडीत कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या होड्या न्याहारीला थांबल्या. मोठी जहाजं मागे नांगरलेली होती आणि ही माणसं किनाऱ्याची मोजणी करत फिरत होती. खडकांना शिणाणे लगडलेले होते. मालवण-गोव्याकडे खडकावरून खरवडून आणतात तशीच ही लांबट, काळपट शिंपली. त्यांनी ती भाजली, खाल्ली आणि पुन्हा वल्ही हातात घेतली.

थोड्याच वेळात तोंडं बधिर व्हायला लागली. मग हातपाय, मग सगळं अंग. सोबत मळमळ आणि चक्कर. होडीवरच्या बॅरी नावाच्या तरुणाला इंग्लंडमध्ये शिणाणे खाऊन एकदा असंच झालं होतं आणि तेव्हा भरपूर घाम आल्यावर बरं वाटलं होतं. म्हणून त्याने स्वतः वल्हं घेतलं आणि आजारी खलाशांनाही जीव तोडून वल्हवायला सांगितलं. त्याला उतार पडला. पण होडी काठाला लागली तेव्हा तीन खलाशांना उचलूनच उतरवावं लागलं. गरम पाणी पाजून उलट्या करवल्या, तरी जॉन कार्टरची नाडी मंद होत गेली आणि दुपारी दीडच्या सुमाराला, काहीही धडपड न करता, तो गेला. व्हँकूव्हरने त्या जागेला पॉयझन कोव्ह हे नाव दिलं आणि कार्टरला पुरलं त्या उपसागराला कार्टरचं. नकाशावर ती नावं आजही आहेत.

त्या खलाशांना काय झालं होतं ते आज नीट सांगता येतं. समुद्रातले काही सूक्ष्म, एकपेशीय शैवालजीव सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. शिंपल्या पाणी गाळून खातात, त्यामुळे हे जीव वाढले की विष शिंपलीच्या मांसात साठत जातं. शिंपलीला सहसा त्याचा त्रास होत नाही. ती ताजी दिसते, वासही येत नाही. माणसाच्या पोटात गेल्यावर मात्र ते मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. माणूस शुद्धीवर असतो, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

मी रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकाठी वाढले, नंतर आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. तिसऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या शिंपल्या, घरी आल्या की आधी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे त्या पोटातली वाळू टाकतात. मग विळीवर एकेक उघडायची, मांस असलेली शिंप ठेवायची आणि रिकामी टाकायची, की एकशिपीची तयारी झाली. आधीच तोंड वासून पडलेली घ्यायची नाही, वाफवायच्या असतील तर न उघडणारी फेकायची, हे आईने शिकवलं. हे नियम उत्तम आहेत, मेलेली शिंपली त्यांनी ओळखता येते. या विषापुढे ते कामाचे नाहीत, कारण विषारी शिंपली जिवंत असते आणि तोंडही व्यवस्थित उघडते. उकळूनही हे विष जात नाही. युरोप-अमेरिकेत लोक भांड्यात चांदीचं नाणं टाकून ते काळं पडतं का पाहत. त्यानेही काही कळत नाही.

या विषाची खूण ताटात सापडतच नाही. ती पाण्यातच शोधावी लागते, आणि हे किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. उत्तर कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी किनाऱ्यावर पहारेकरी बसवत. कडक उन्हाळ्यात रात्री लाटा चकाकायला लागल्या की दोन दिवस शिणाणे काढायला बंदी. ही हकिगत १९२८ साली संशोधक कार्ल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवली, ही मोलाची गोष्ट आहे. (चकाकणारं पाणी आपल्याकडेही दिसतं. ते पुष्कळदा नॉक्टिलुका या जिवामुळे असतं आणि तो हे विष बनवत नाही. म्हणून चकाकीवर विसंबून चालत नाही.)

मेयर या कामात पडले ते १९२७ च्या उन्हाळ्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिणाणे खाऊन १०२ लोक आजारी पडले आणि ६ दगावले. मेयर आणि हर्मन सोमर यांनी शिणाण्यांचा अर्क काढून उंदरांना टोचायला सुरुवात केली. २० ग्रॅमचा उंदीर १५ मिनिटांत मारायला लागेल तेवढं विष म्हणजे एक उंदीर-एकक. माप क्रूर आहे खरं, पण त्याच्या जोरावर पहिल्यांदाच विष मोजता आलं. वर्षानुवर्षं त्यांनी शिणाणे आणि समुद्राचं पाणी शेजारी शेजारी तपासलं. पाण्यात एक ठरावीक जीव वाढला की शिणाण्यांतलं विष वाढतं आणि तो सरला की उतरतं, हे १९३७ मध्ये त्यांनी छापलं. आज त्याला अलेक्झांड्रियम कॅटेनेला म्हणतात. कॅलिफोर्नियात आजही दरवर्षी साधारण १ मे ते ३१ ऑक्टोबर लोकांना स्वतःच्या खाण्यासाठी शिणाणे काढायला मनाई असते.

आपल्या देशात ही गोष्ट फार उशिरा लक्षात आली. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपल्या खाऊन तिघांचा जीव गेला. १९८३ मध्ये मंगळूरजवळ तसंच घडलं, आणि तिथल्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी हे शैवालाचंच विष असल्याची नोंद केली. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला तपकिरी शिणाणे खाल्लेली ७ माणसं गेली आणि पाचशेहून अधिक रुग्णालयात दाखल झाली. रोजच्या खाण्यातली, नेहमीच्या खडकांवरची शिंपली होती ती. माझ्या माहितीत या मृत्यूंची आठवण ठेवणारं किनाऱ्यावर काही नाही, याचं मला दुःख आहे. मंगळूर आमच्याच किनाऱ्यावर खाली आहे. तोच अरबी समुद्र, त्याच तिसऱ्या.

म्हणून दारावर तिसऱ्या घेऊन येणाऱ्या बायकांना मी दोन गोष्टी सांगते. खाडीचं पाणी लालसर-तपकिरी झालं किंवा मासे मरून वर आले तर काही दिवस टोपली रिकामी ठेवा. पण पाणी स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. आणि शिंपल्या खाल्ल्यावर कुणाचे ओठ, जीभ मुंग्या येऊन बधिर झाली, तर घरचे उपाय करत बसू नका. कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात काय खाल्लं ते सांगा. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर ते शरीराबाहेर पडतं आणि माणूस सहसा पूर्ण बरा होतो.