आडवा दगड

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला सिद्धेश्वराचं मंदिर आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. तिथं आलेला माणूस शिल्पांपाशी रेंगाळतो, आणि ते साहजिकच आहे. पण मंडपात उभं राहून एकदा मान वर करावी. खांबावरून खांबावर टाकलेल्या काळ्या पाषाणाच्या तुळया जवळपास नऊ शतकं आडव्या पडून छत पेलताहेत. सात फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-जाड अशी एक तुळई धरली, तर तिचं स्वतःचंच वजन पाऊण टनाच्या वर जातं. छताचा भार त्यानंतरचा.

दगड उभा केला की राजा असतो. त्याच्यावर कितीही ओझं ठेवा, तो दबत नाही. आडवा टाकला की तोच दगड हळवा होतो. दोन टोकांवर टेकलेली तुळई भाराखाली किंचित वाकते; वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. ताण हे दगडाचं दुखणं. जो पाषाण दाब लीलया सोसतो, तो वाकवताना साधारण त्याच्या दहाव्या हिश्शातच मान टाकतो. लाकूड करकरतं, लोखंड वाकतं, त्यातून इशारा मिळतो. दगड इशारा देत नाही, एकदम तुटतो.

जुन्या कारागिरांनी हे सूत्रात मांडलं नव्हतं, बांधणीत मांडलं होतं. खांबाच्या माथ्यावर चहूबाजूंनी पुढं आलेले हस्त बसवले की तुळईच्या दोन आधारांतलं अंतर तेवढंच कमी होतं. हे हस्त नक्षीसाठी आहेत असं वाटतं, पण त्यांचं खरं काम हे आहे. छतावर आणखी एक युक्ती दिसते. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरके दगड टाकायचे, त्यातून लहान चौकोन उरतो. पुन्हा तिरके दगड, आणखी लहान चौकोन. शेवटी मधल्या भोकावर एकच कमळाची शिळा ठेवली की झालं. निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर असो की लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात ती इतर देवळं, दगडाला लांब उडी मारायला लावायची नाही हा नियम सगळीकडे पाळलेला आहे. औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत तर तुळईचा प्रश्नच आला नाही. तिथला खडक जांभ्यासारखा भरड. त्यातून लांब तुळया काढण्याच्या फंदात न पडता कारागिरांनी आख्खी टेकडीच आतून कोरली.

नांदेड जिल्ह्यात दगडाची निवड आणखी गुंतागुंतीची होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा काळा थर देगलूर-बिलोलीकडे विरळ होत जातो आणि खालचा, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो. काळ्या दगडातही सगळा माल सारखा नसतो. एक थर घट्ट, तर दुसरा वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला. वडार आणि पाथरवट मंडळी हातोड्याचा ठोका देऊन कान लावतात. खणखणीत आवाज आला तर दगड सलग. बद्द आवाज आला तर आत कुठंतरी चीर आहे, तो उंबरठ्याला किंवा तुळईला चालायचा नाही.

या कानाच्या परीक्षेला आकड्यांची जोड युरोपात मिळाली. १६३८ साली गॅलिलिओनं आपल्या ग्रंथात एका संगमरवरी खांबाची हकीकत सांगितली. खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता; मधोमध मोडू नये म्हणून कुणीतरी तिसरा आधार दिला. काही महिन्यांनी खांब नेमका त्या मधल्या आधारावरच तुटला, कारण टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता. तुळईची जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते, हेही त्याच ग्रंथातून लोकांना कळलं. दगड वाकवताना किती भार सोसतो हे मोजण्यासाठी आज भारतीय मानक ११२१ चा दुसरा भाग आहे. २०० मिलिमीटर लांब आणि ५० बाय ५० जाडीचा तुकडा १५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर ठेवायचा आणि मधोमध भार वाढवत न्यायचा, तुटेपर्यंत. थराच्या दिशेनं आणि थराला आडवा, कोरडा आणि पाण्यात भिजवलेला, असे वेगवेगळे तुकडे तपासतात, कारण ओला दगड बहुधा कमी भार सोसतो.

मराठवाड्याच्या घराघरांत ही परीक्षा रोज चालते. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या शहाबादहून आलेली फरशी जमिनीवर निमूट पडून राहते; तीच फरशी फडताळात आडवी बसवून वर धान्याचे डबे रचले की तिचा कस लागतो.

आणि मग किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. आदल्या दिवशीच गणपतींचं विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर गावोगाव एकच वाक्य ऐकू येऊ लागलं: दगडानं मारलं. हा दगडावर अन्याय आहे. त्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या, पण आतून त्या दोन वेगळ्या भिंती होत्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना आरपार शिवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर माळवदाची टनावारी माती. हादऱ्यानं दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोट फुटल्यासारखी फाकली. ज्या घरांचं छत लाकडी खांबांवर तोललेलं होतं, त्यांतली काही भिंती पडूनही उभी राहिली.

त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा बांधकामाचे नियम आहेत. भिंतीच्या दर ६०० मिलिमीटर उंचीला आरपार दगड असावा, आणि अशा दोन दगडांत आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नसावं. शाबूत राहिलेल्या घरांसाठी अभियंत्यांनी दुरुस्तीची एक पद्धत वापरली. भिंतीतला एखादा दगड हलक्या हातानं काढायचा, आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. गवंड्यानं जो दगड घालायचा राहून गेला होता, तो असा वर्षानुवर्षांनी भिंतीत बसवला गेला.