डीएनए नॅनोरचनांचा इतिहास आणि गोंदियातील सिकलसेल

भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निर्माण झाला. येथील सिकलसेल मात्र जिल्ह्याहून कितीतरी जुना आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. बीटा-ग्लोबिन जनुकातील अवघे एक अक्षर बदलते आणि तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. त्यामुळे डीएनए या रेणूलाच औषधासाठी घडविण्याचा इतिहास येथील अभ्यासकांना दूरचा वाटू नये.

या इतिहासाचा प्रारंभ वैद्यकात झालेला नाही. नेड्रियन सीमन हे अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांचे स्फटिक मनाजोगे मिळत नाहीत, ही त्यांची अडचण होती. एशर यांच्या ‘डेप्थ’ या चित्रातील शिस्तीने मांडलेले मासे आठवून, डीएनएच्या सांध्यांची त्रिमितीय जाळी उभारता येईल, असे त्यांना १९८० मध्ये सुचले. ॲडेनिन थायमिनशी व ग्वानिन सायटोसिनशी जुळते, या नियमावरच ही सारी वास्तू उभी आहे. १९८२ मध्ये कल्पना प्रसिद्ध झाली, १९९१ मध्ये डीएनएचा घन तयार झाला. मूळ हेतू असलेला स्फटिक हाती येण्यास मात्र २००९ उजाडले. दरम्यान २००६ मध्ये पॉल रोथेमुंड यांनी विषाणूचा सात हजारांहून अधिक अक्षरांचा धागा दोनशेवर आखूड धाग्यांनी दुमडून हव्या त्या आकृत्या घडविल्या. त्यास ‘डीएनए ओरिगामी’ म्हणतात.

भारतातील महत्त्वाचे काम बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात झाले. यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये सादर केलेला ‘आय-स्विच’ आम्लतेनुसार आकार बदलतो व जिवंत पेशीतील आम्लता दर्शवितो. सुबक आकृतीपेक्षा या साध्या मापकाचे मोल अधिक मानावे लागते, कारण येथे रचना पेशीत कामाला लागली. २०१८ मध्ये चीन व अमेरिकेतील संशोधकांनी थ्रॉम्बिन भरलेली डीएनएची नळी उंदरांच्या अर्बुदापर्यंत नेऊन तेथील रक्तवाहिन्यांत गुठळ्या निर्माण केल्या. मानवी रक्तातील विकरे मात्र डीएनए तोडतात, हा अडसर मोठाच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरील जनुक-संपादन उपचारास मान्यता मिळाली. त्यात पेशी शरीराबाहेर काढून बदलाव्या लागतात व त्या परत देण्यापूर्वी रुग्णास तीव्र केमोथेरपी सोसावी लागते. संपादनाची सामग्री थेट अस्थिमज्जेत नेणारा वाहक लाभल्यास हे टळू शकेल. डीएनए नॅनोरचना त्यासाठीच्या अनेक पर्यायांपैकी एक आहे. देवरी वा सालेकसा येथील रुग्णासाठी आजची साधने म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची गोळी, गरजेनुसार रक्त आणि विवाहापूर्वीची रक्ततपासणी.