ओहोटीवर चालणारी नाव

३० जुलै २०२५ रोजी गोव्यात चौगुले यांच्या जहाजबांधणी गोदीत एक लहानसा समारंभ झाला. भारतीय तटरक्षक दलासाठी तिथे सहा होव्हरक्राफ्ट बांधली जाणार आहेत. त्यांतल्या पहिल्या यानाचा गर्डर त्या दिवशी बसवण्यात आला. एरवी जहाजबांधणीचा मुहूर्त तळाचा कणा ठेवून होतो. कोकणात होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या भाषेत त्याला ‘पठाण’ म्हणतात. होव्हरक्राफ्टला असा कणाच नसतो. त्याचे सुकाणू पाण्यात बुडत नाही, पुढे ढकलणारा पंखाही पाण्याबाहेर असतो. हवेच्या गादीवर बसून हे यान पाण्याच्या, चिखलाच्या आणि वाळूच्याही वरून जाते.

या सहा यानांचा करार संरक्षण मंत्रालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी केला. किंमत ३८७.४४ कोटी रुपये. यान देशात बांधले जाणार याचा आनंद बातम्यांमध्ये होता आणि तो योग्यच आहे. पण त्याच बातम्यांत आणखी एक वाक्य होते: आराखडा ब्रिटनच्या ग्रिफॉन होव्हरवर्क या कंपनीच्या सिद्ध झालेल्या यानावर आधारलेला आहे. मी त्या वाक्यापाशी थांबलो. तटरक्षक दलाकडे होव्हरक्राफ्ट येऊन २५ वर्षे झाली. त्याही आधी मुंबईच्या खाडीत या यानातून प्रवासी जात होते. मग आराखडा अजून दुसऱ्याचाच का? या प्रश्नाचा माग काढताना मला जे सापडले, ते इथे मांडतो.

चिखलाचा किनारा

आधी हे पाहू की हे यान आपल्या किनाऱ्याला शोभणारे आहे का. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. दुमजली घराएवढे पाणी दिवसातून दोनदा येते आणि निघून जाते. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, धरमतरची खाडी, सगळीकडे पाणी ओसरले की मैलोन् मैल गाळ उघडा पडतो. रोहित पक्ष्यांना तो स्वर्ग वाटतो, होडीवाल्याला मात्र तो तुरुंग. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तिथे घड्याळाइतकीच ओहोटीची वेळ पाहावी लागते.

ज्या नावेला पाण्याची खोली लागतच नाही, ती अशा किनाऱ्यासाठीच जन्मली असे वाटावे. कागदावर हिशोबही तसाच बसतो. समजा यान २० टनांचे आहे आणि त्याच्याखालची हवेची गादी २० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे. म्हणजे १६० चौरस मीटरवर २० टन, चौरस मीटरला १२५ किलो. चाकणमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मोटारीच्या टायरमध्ये ३० पौंड हवा असते. तोच दाब या मापात सांगायचा तर चौरस मीटरला २१ हजार किलो होतो. उभ्या माणसाच्या तळव्यांखालचा दाबही यानाच्या दहापटीहून अधिक. ज्या गाळात माणूस गुडघाभर रुततो, त्याच गाळावरून २० टनांचे यान रुतल्याशिवाय जाते ते यामुळे.

दोन डबे आणि एक झालर

ही कल्पना प्रत्यक्षात आणली सर क्रिस्टोफर कॉकरेल यांनी. मार्कोनी कंपनीत काम केलेले हे गृहस्थ पुढे नावा बांधण्याचा लहानसा व्यवसाय करत होते. १९५५ मध्ये त्यांनी कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा डबा बसवला, दोन्हींच्या मधल्या फटीतून यंत्राने हवा सोडली आणि खाली तराजू ठेवून दाब मोजला. कडेने गोल फिरून येणारा हवेचा पडदा आतली हवा अडवून धरतो, हे त्यांना दिसले. नौदल म्हणाले, हे तर विमान आहे. हवाई दल म्हणाले, ही तर नाव आहे. अखेर राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाच्या सरकारी पैशातून आइल ऑफ वाइटवरील साँडर्स-रो कंपनीने ‘एसआर.एन१’ हे यान बांधले. ते ११ जून १९५९ रोजी लोकांसमोर आले आणि २५ जुलैला, ब्लेरिओच्या विमानोड्डाणाला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, त्याने इंग्लिश खाडी ओलांडली.

पण ते यान पाण्यापासून जेमतेम वीतभर उचलले जाई. लाट थोडी मोठी झाली की बुडाला आपटे. इथे पुन्हा कागदावरच्या आपल्या यानाकडे येऊ. कडेने सगळीकडून २ सेंटिमीटरची फट धरली तर निसटणारी हवा भरून काढायला सुमारे ८० अश्वशक्ती लागते. तेच यान मीटरभर उचलून धरायचे म्हटले तर निसटणारी हवा पन्नासपट आणि शक्ती ४ हजार. एवढे इंजिन बसवले तर प्रवाशांना जागा कुठे?

यातून सुटका केली ती सेसिल लॅटिमर-नीडहॅम यांच्या लवचीक झालरीने. यानाच्या कडेला रबर चढवलेल्या कापडाचा घेर लावायचा, खालच्या कडेला कापडाचीच सुटी ‘बोटे’. लाट आली की तेवढीच बोटे वाकतात, बाकीची हवा धरून राहतात. यान मीटरभर उंच, फट मात्र दोन बोटांची. म्हणून मला वाटते की होव्हरक्राफ्टचा खरा आराखडा झालरीत असतो. इंजिन बाजारात मिळते, पंखा मिळतो, ॲल्युमिनियमचे कवच कुशल कारागीर जोडून देतो. घेर किती फुगवायचा, बोटाला कोणता कोन द्यायचा, पुढची बोटे पाण्यात ओढली जाऊन यान नाक खुपसणार नाही हे कसे पाहायचे, हे मात्र करून, फाडून, पुन्हा शिवूनच कळते.

हे मी थोडे अनुभवाने म्हणतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पंखे आणि ब्लोअर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात माझी बावीस वर्षे गेली. निवृत्तीच्या आसपास हा विषय डोक्यात शिरला, तेव्हा प्लायवूडची चार फुटी गोल चकती कापली, खाली ताडपत्री लावली आणि झाडलोटीचा ब्लोअर बसवला. शेजारचा मुलगा वर बसला. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर ती चकती एका बोटाने ढकलली जाऊ लागली. पाच मिनिटांनी आम्ही ती पार्किंगच्या खडबडीत सिमेंटवर नेली आणि दोन फेऱ्यांत ताडपत्री फाटली. दुसरी लावली, तीही फाटली. पंख्यातले मला सगळे येत होते. कापडातले काहीच येत नव्हते.

वाशीला आलेली नाव

आता मुंबईकडे वळू. १९९० च्या दशकात गेटवे ऑफ इंडियापासून वाशी आणि बेलापूरपर्यंत होव्हरक्राफ्टची प्रवासी सेवा काही काळ चालली. सिडकोने वसवलेल्या नव्या शहराला जुन्या शहराशी जोडण्याचा तो एक उमेदीचा मार्ग होता. सेवा टिकली नाही. आवश्यक सोयी पुरेशा नव्हत्या, असे कारण नोंदले गेले आहे.

‘सोयी’ या शब्दात काय काय येते, हे पाहायला हवे. पहिली गोष्ट स्पर्धेची. मानखुर्दहून वाशीला लोकल ९ मे १९९२ रोजी सुरू झाली. एका लोकलमध्ये हजारो माणसे मावतात, होव्हरक्राफ्टमध्ये काही डझन. ज्या गर्दीसाठी हा मार्ग आखला, ती गर्दी रुळांवर गेली.

दुसरी गोष्ट खाडीची. संथ वेगात असताना हवेची गादी पाण्यात खळगा पाडते आणि यान आपल्याच लाटेच्या मागे अडकते. आपल्या २० मीटरच्या यानाला ताशी १५ नॉटच्या आसपास हा चढ ओलांडावा लागतो. पाणी उथळ असेल तर चढ आणखी उभा होतो. म्हणजे यानाला चिखल चालतो, खोल पाणीही चालते. अर्धवट उथळ पाण्यात वेग धरताना मात्र ते इंधन पिते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट झालरीची. बोटे झिजतात, हे त्यांचे कामच आहे. खारे पाणी आणि वाळू पंख्याची पातीही खातात. हे यान दररोज चालवायचे तर जवळ असे घर हवे, जिथे बोट बदलले जाते, कापड मिळते आणि शिवणारा माणूस असतो. धक्का नसला तरी या नावेचे चालते, कार्यशाळा नसली तर चालत नाही.

राइड आणि ओइटा

याचा पडताळा दोन ठिकाणी मिळतो. पहिले इंग्लंडमध्ये, पोर्टस्मथच्या साउथसी आणि आइल ऑफ वाइटवरील राइड यांच्यामध्ये. राइडचा किनारा आपल्या खाड्यांचा भाऊ शोभावा असा आहे. ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की १८१४ मध्ये तिथे सुमारे एक तृतीयांश मैल लांबीचा धक्का बांधावा लागला. त्या वाळूवरून होव्हरक्राफ्ट थेट गावात येते. ही सेवा १९६५ पासून सुरू आहे. इंग्लिश खाडीवरची, मोटारीही वाहून नेणारी प्रचंड होव्हरक्राफ्ट १९६८ ला आली आणि २००० मध्ये थांबली. राइडची दहा मिनिटांची फेरी मात्र साठ वर्षे टिकली. अंतर लहान आहे आणि दुसरा मार्ग याहून हळू आहे, ही दोन कारणे. तिसरे असे की पहिले होव्हरक्राफ्ट ज्या काउझ गावात बांधले गेले ते याच बेटावर आहे, आणि ग्रिफॉनचा कारखाना समोरच्या किनाऱ्यावर. नाव आणि तिचा शिंपी एकाच खाडीत राहतात.

दुसरे ठिकाण जपानमधील ओइटा. तिथे १९७१ पासून विमानतळापर्यंत होव्हरक्राफ्ट चाले, आणि ती याने जपानच्याच मित्सुई कंपनीने बांधलेली होती. २००९ मध्ये सेवा बंद पडली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण आता याने ब्रिटनहून, ग्रिफॉनकडून आणावी लागली. जपानसारख्या देशालाही! बांधण्याचे ज्ञान कागदांवर राहत नाही, हातांत राहते, आणि हात रिकामे राहिले की ते विरून जाते.

पिंपरीकडून पाहताना

आपल्याकडचा हिशोब असा. तटरक्षक दलाची पहिली याने २००० च्या सुमारास आली. तीही ग्रिफॉनच्याच आराखड्याची होती आणि त्यांतली काही कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत जुळवली गेली. २०१० मध्ये आणखी बारा यानांची मागणी ब्रिटनला नोंदवली गेली. आता २०२४ मध्ये सहा, गोव्यात. सुमारे २१ मीटर लांबीची, ४५ नॉटने धावणारी ही याने ओखा, जखाऊ, मंडपम, हल्दिया अशा उथळ किनाऱ्यांवर पहारा देत आली आहेत. जुळवणी, मग खरेदी, मग बांधणी. पण मधल्या काळात जुळवणीतून बांधणीकडे आणि बांधणीतून आराखड्याकडे जाणारी वाट सलग राहिली नाही.

ती वाट कशी असते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला दूर जाऊन पाहावे लागत नाही. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला. तोवर सुमंत मुळगावकर यांनी पुण्याच्या कारखान्यात ट्रकच्या आधी यंत्रे बनवणारे विभाग आणि प्रशिक्षणार्थींची शाळा उभी केली होती. ट्रक बनवणारी यंत्रे आणि ती यंत्रे बनवणारी मुले, हा क्रम त्यांनी उलटू दिला नाही. पुण्यात आखलेला ४०७ हा हलका ट्रक १९८६ मध्ये आला आणि इंडिका १९९८ मध्ये. परवान्यापासून स्वतःच्या आराखड्यापर्यंत बत्तीस वर्षे, पण त्या बत्तीस वर्षांत हात एक दिवसही रिकामे नव्हते.

होव्हरक्राफ्टची मागणी ट्रकसारखी कधीच असणार नाही, हे मान्य. दहा-बारा वर्षांनी डझनभर याने, एवढ्यावर कुठलाही कारखाना जगत नाही. म्हणूनच हातांना मधल्या वर्षांत काम कसे मिळेल, हा प्रश्न आज विचारायला हवा. त्याची उत्तरे भव्य नाहीत. झालरीचे कापड आणि बोटे इथेच बनवायची आणि इथेच फाडून पाहायची. जुन्या यानांच्या देखभालीच्या नोंदी, कुठले बोट किती तासांनी झिजले हे, बांधणाऱ्यांना द्यायचे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात गेली कित्येक दशके बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटांचे प्रयोग होत आले आहेत. लहान यानाची प्रतिकृती उथळ पाण्यात चालवून पाहणे ही त्या परंपरेबाहेरची गोष्ट नाही. दरवर्षी पवना आणि इंद्रायणीवर जलपर्णी पसरते, तेव्हा तिच्यावरून जाणारे चार माणसांचे यान एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने करून पाहिले तर बिघडणार काही नाही. पहिले दहा प्रयत्न फसतील. कॉकरेल यांच्या डब्यांपासून चालत्या यानापर्यंत चार वर्षे गेली होती, आणि त्यानंतरही झालर यायचीच होती.

माझ्या दिवाणखान्यात ती प्लायवूडची चकती अजून भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. शेजारचा मुलगा आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा आला तो ताडपत्रीऐवजी जुन्या तराफ्याचे रबरी कापड घेऊन. म्हणाला, “काका, या वेळी एकसंध घेर नको, सुटी बोटं शिवू. एक फाटलं तर एकच बदलायचं.” साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात सुटलेला प्रश्न त्याने फाटलेल्या कापडाकडे पाहून पुन्हा सोडवला होता. मी कात्री शोधायला उठलो.