निंबर्ग्याला, गुलबर्ग्याला, कलबुर्गीला

निंबर्गा हे कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातले गाव. मराठी माणूस तिकडे निघाला की ‘निंबर्ग्याला’ जातो आणि तिथे राहत असेल तर ‘निंबर्ग्यात’ राहतो. जिल्ह्याच्या गावीही तो पिढ्यान्‌पिढ्या ‘गुलबर्ग्याला’ जात आला. 1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटक सरकारने गुलबर्ग्याचे नाव अधिकृतपणे कलबुर्गी केले आणि त्याच माणसाच्या तोंडी ‘कलबुर्गीला’ आले. नावातला शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ई’ आली आणि तिच्यासोबत ‘ग्या’ही गेला. यासाठी कुणी शाळा भरवली नाही की परिपत्रक काढले नाही. ज्याची भाषा आहे त्याला हे आपसूक येते. संगणकाला मात्र यातली प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागते.

ती कशी सांगायची, याचा एक पक्का मार्ग फिनलंडमध्ये सापडला. फिनिश भाषेत 15 विभक्ती आहेत आणि प्रत्ययांवर प्रत्यय चढत जातात. ‘तालो’ म्हणजे घर, तर ‘तालोइस्सानिकिन’ म्हणजे माझ्या घरांमध्येसुद्धा. अनेकवचन, ‘मध्ये’, ‘माझ्या’ आणि ‘सुद्धा’ हे सगळे एका शब्दात बसले. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्द स्वतःही बदलतो. ‘कातू’ म्हणजे रस्ता, पण रस्त्याचा म्हणायचे तर ‘कादुन’. ‘वेसी’ म्हणजे पाणी, पण पाण्याचे म्हणजे ‘वेदेन’. फिनिश भाषातज्ज्ञ फ्रेड कार्लसन यांनी एका साध्या नामाची सारी रूपे मांडून दाखवली, ती दोन हजारांच्या वर भरली. अशा भाषेत सगळे शब्द यादी करून यंत्राला पाठ करायला लावणे व्यर्थ. इंग्रजीत नामाची रूपे मोजकीच असल्यामुळे तिथे ही अडचण कुणाला फारशी जाणवली नव्हती.

1983 साली हेलसिंकी विद्यापीठात किम्मो कोस्केन्निएमी यांनी आपला प्रबंध सादर केला. त्यांची कल्पना दोन पातळ्यांची होती. खाली शब्दाचे मूळ घटक, वर कागदावर उमटणारी अक्षरे आणि या दोहोंमध्ये एकाच वेळी लागू होणारे नियम. अमुक जागी अमुक अक्षराची जोडी चालते, तमुक जागी चालत नाही, एवढेच प्रत्येक नियम सांगतो. त्यामुळे तेच नियम दोन्ही बाजूंनी चालतात. मूळ शब्दावरून रूप घडवता येते आणि रूप हाती आले तर मूळ शब्द शोधता येतो. पुढे आर्ने रान्ता या फिनिश संशोधकाने ‘ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क’ ही व्याकरण लिहिण्याची पद्धत उभी केली आणि त्यात फिनिशचे व्याकरण बसवले. 2008 मध्ये त्यांनी एक प्रयोग मांडला. फिनिश नामाची किती रूपे सांगितली म्हणजे बाकीची सगळी यंत्राला आपोआप काढता येतात? उत्तर आले, सरासरी दोनाहूनही कमी. अवघड म्हणून गाजलेली भाषा मुळात अतिशय शिस्तीची निघाली.

हे काम नवे वाटले तरी त्याची मुळे निंबर्ग्याच्या मुलखाला परकी नाहीत. सुमारे 4000 सूत्रांत संस्कृतची रूपसिद्धी बसवणाऱ्या पाणिनीचे नाव संगणकवाले आदराने घेतात. 1967 मध्ये तर संगणकीय भाषांची रचना लिहिण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी केली होती. पण आळंदहून फार दूर जायलाच नको. याच कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथे नवव्या शतकात अमोघवर्षाच्या आश्रयाने जैन पंडित शाकटायन यांनी संस्कृतचे नवे व्याकरण रचले आणि त्यावरच्या आपल्या टीकेला राजाच्या नावावरून ‘अमोघवृत्ति’ म्हटले. त्याच दरबारातून ‘कविराजमार्ग’ हा कन्नडचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ आला. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश त्याने कन्नडचा म्हणून सांगितला आहे. सीमेच्या या बाजूला की त्या बाजूला, हा प्रश्न निदान अकराशे वर्षांपूर्वीच्या मान्यखेटात कुणाला पडला नव्हता.

आळंद तालुक्यातलेच कडगंची हे गाव दत्तभक्तांना ठाऊक आहे. नृसिंह सरस्वतींचे इथले शिष्य सायंदेव यांच्या वंशातल्या सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र लिहिले. ते कानडी मातृभाषेचे. मराठी आपल्याला येत नाही, हे त्यांनी ग्रंथातच सांगून ठेवले आहे. आणि तरीही गाणगापूरच्या या मुलखातून आलेला तो ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी पारायणाला बसला. कानडी बोलणाऱ्याने मराठीची रूपे आत्मसात करून हजारो ओव्या लिहिल्या, ही या भागातल्या भाषिक व्यवहाराची सर्वांत बोलकी साक्ष आहे. 2009 साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर आज त्याच कडगंचीला आहे.

मराठीचे छापील व्याकरण मात्र दूरवर, बंगालमधल्या श्रीरामपूरला जन्मले. 1805 मध्ये विल्यम कॅरी यांनी ते इंग्रजीत लिहिले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठीतले व्याकरण 1836 चे. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. संस्कृतच्या आठ विभक्तींचा साचा मराठीला किती बसतो, यावर पुढे पुष्कळ खल झाला. 1911 मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू. त्यांच्या त्या जाडजूड ग्रंथात मराठी शब्द कसा बदलतो याचा जो तपशील आहे, तो आजही संगणकावर काम करणाऱ्याने आधी वाचावा इतका बारीक आहे.

मराठीचा खरा कणा आहे सामान्यरूप. ‘रस्ता’ला सरळ ‘वर’ लागत नाही. आधी ‘रस्त्या’ होतो, मग ‘रस्त्यावर’. फिनिशच्या ‘कातू’चे ‘कादुन’ होते, तसाच हा प्रकार. एकदा सामान्यरूप हाती आले की पुढे ला, ने, चा, त, वर, साठी हे सगळे निमूट लागतात. म्हणून यंत्राला मराठी शिकवायची तर आठ विभक्तींच्या तक्त्यापेक्षा ही दोन पायऱ्यांची मांडणी कितीतरी सोयीची.

खरी कसोटी पहिल्या पायरीवर आहे. लाकूड, वकील आणि शरीर हे तीन शब्द घ्या. तिन्हींत तीन अक्षरे, मधले दीर्घ, शेवटचे अकारान्त. पण ‘लाकडाला’ होताना मधला ऊ पार जातो, ‘वकिलाला’ होताना ई ऱ्हस्व होते आणि ‘शरीराला’ होताना काहीच होत नाही. लाकूड घरचा, वकील अरबीतून आलेला, शरीर संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. तत्सम शब्दाचे दीर्घत्व सामान्यरूपातही टिकते, हा मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. पण यंत्राला शब्दाकडे पाहून त्याचे घराणे कळत नाही. ते शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे लिहून द्यावे लागते. गावांच्या नावांचे तर आणखी वेगळे. सोलापूरला जाणारा माणूस सोलापुरात पोहोचतो: ‘ला’पुढे नाव जसेच्या तसे, ‘त’पुढे मात्र ‘पुरा’.

दुसऱ्या पायरीवर साखळी लांबत जाते. ‘गावाकडच्यांनीसुद्धा’ हा शब्द बोलताना कुणी अडखळत नाही. त्यात गावचे सामान्यरूप ‘गावा’, त्याला ‘कडे’, त्यातून ‘कडचा’ हे विशेषण, ते माणसांबद्दल वापरल्यामुळे पुन्हा सामान्यरूप ‘कडच्यां’, मग ‘नी’ आणि शेवटी ‘सुद्धा’. म्हणजे एकाच शब्दात दोनदा सामान्यरूप झाले.

आयआयटी मुंबईत हे सगळे बसवण्याचे काम बरेच झाले आहे. 2005 च्या सुमारास तिथे शब्दांच्या रूपांवर आधारलेला मराठी शुद्धलेखन तपासनीस तयार झाला. 2010 मध्ये मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी मराठीचा रूपविश्लेषक मांडला. एकसारखे चालणाऱ्या शब्दांचे नमुने ठरवायचे, प्रत्येक शब्द त्यातल्या एका नमुन्यात घालायचा आणि प्रत्ययांची साखळी मर्यादित अवस्थांच्या यंत्राने उलगडायची, ही त्यामागची पद्धत. कोस्केन्निएमींच्या कामाशी तिचे नाते सरळ आहे.

पण हे सगळे प्रमाण मराठीचे. लातूर, उदगीर, निलंग्याकडे माणूस विचारतो, ‘काय करायलास?’ म्हणजे आत्ता, या घडीला, काय करतो आहेस. प्रमाण मराठीत ‘करायला’ म्हणजे करण्यासाठी. तेवढेच शिकलेले यंत्र ‘कर’ आणि ‘आयला’ वेगळे काढते आणि उरलेला ‘स’ चूक म्हणून लाल रेघेखाली टाकते. तो ‘स’ चूक नाही. तो तू या कर्त्याचा आहे आणि ‘आयला’ तिथे चालू काळ दाखवतो. बोलणाऱ्याच्या व्याकरणात हा नियम पक्का आहे. आपल्या यंत्राच्या व्याकरणात त्याला जागा दिलेली नाही.

ती जागा आधीच का झाली नाही, याला इतिहास आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीचा मराठीचा खंड 1905 मध्ये निघाला, पण त्या पाहणीने निजामाचे हैदराबाद संस्थान वगळले होते. गुलबर्गा, बिदर, उस्मानाबाद हे सगळे तेव्हा त्याच संस्थानात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे आले; भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि शेजारचे आळंद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्यानंतर या भागातल्या मराठीवर बोलणे झाले ते बहुतेक सीमावादाच्या निमित्ताने, कुठले गाव कुणाचे या हिशेबाने. त्या गावात क्रियापद कसे चालते, हे विचारायला फार थोडे गेले. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बोली ध्वनिमुद्रित करण्याचे मोठे काम हाती घेतले, हे फार चांगले झाले. तसेच काम सीमेपलीकडच्या गावांतही व्हायला हवे.

त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. आळंद, भालकी, बसवकल्याणकडच्या मराठी शिक्षकांनी आणि महाविद्यालयातल्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. जा, ये, कर, बस, जेव एवढ्या पाच धातूंची आत्ताची, कालची आणि उद्याची रूपे मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही यांच्यासह लिहून काढावीत. पंचवीस-तीस नामांना ला, ने, त, वर लावून काय होते तेही लिहावे, आणि प्रत्येक यादीवर गावाचे नाव व बोलणाऱ्याचे वय टाकावे. शुद्ध करून लिहू नये. जसे कानावर पडले तसेच लिहावे.