रंगाचा फवारा आणि कारागिराचा श्वास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं वर्धा जिल्ह्यांत तान्हा पोळा भरतो व मुलें आपापले लांकडी नंदी सजवून मिरवितात. सिंदी (रेल्वे) येथील सोहळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. नंदी रंगविण्यास कुंचला पुरतो. परंतु मूर्तीच्या गालावरील लाली जेथें संपते तेथें रेघ दिसूं नये, असें वाटल्यास कुंचला थकतो. हें काम एअरब्रश करतो.

अमेरिकेंत आयोवा प्रांतीं अ‍ॅब्नर पीलर यानें १८७९ सालीं असें एक उपकरण तयार केलें. आरंभीं त्याचा उपयोग छायाचित्रें सुधारण्यासाठीं होई. मराठी घरांत मात्र त्याची किमया पोंचली ती गोव्यांत जन्मलेले चित्रकार रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांच्या हातून. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर व कॅलेंडरांवर त्यांनीं रंगविलेल्या देवदेवतांची कांति इतकी मृदु असे कीं, वर्ष सरल्यावरही तीं चित्रें चौकटींत बसवून जपलीं जात.

उपकरणाची युक्ति साधी आहे. दाबाखालील हवा टोंकाशीं वेगानें सुटते, रंग ओढून घेते व त्याचे सूक्ष्म तुषार करते. रंग दुधाइतका पातळ व गाळलेला हवा. ज्या जातींत खटका दाबला असतां हवा व मागें ओढला असतां रंग येतो, तिच्यांत आधीं हवा सोडावी, मग रंग. थांबतांना आधीं रंग बंद करावा, नंतर हवा. हा क्रम चुकला कीं टोंकाशीं सांचलेला थेंब उडतो आणि दिवसभराचें काम वांया जातें. हात एके जागीं स्थिर न ठेवतां सरकता ठेवावा. जेथें रंग नको तेथें कागद कापून झांकण घालावें.

परंतु ज्या तुषारांनीं मूर्तीस कांति येते, तेच कारागिराच्या फुप्फुसांत शिरतात. कुंचल्याचा रंग पृष्ठावर राहतो. फवाऱ्याचा कांहीं भाग हवेंत तरंगत राहतो. पिंवळ्या व शेंदरी रंगांपैकीं कांहींत शिसें असतें, आणि थिनरची वाफ विषारी व ज्वालाग्राही असते. तोंडास बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाहीं, हें अनेकांस ठाऊक नसतें. त्यासाठीं कोळशाची डबी असलेला, वाफ व तुषार दोन्ही रोखणारा मुखवटा हवा. हवा बाहेर खेंचणारा पंखाही हवा. जवळ विडी वा दिवा नसावा. फवारा कोणाच्या अंगावर धरूं नये. उपकरण धुतांना उरलेला रंग झांकणाच्या बरणींत सोडावा. पाण्याचे रंग तुलनेनें सौम्य खरे, पण त्यांचे तुषारही श्वासावाटें आंत जातातच.

घरगुती व शोभेच्या रंगांत शिसें दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला. औद्योगिक रंगांस तो लागू नाहीं. म्हणून मुलाच्या हातीं जाणाऱ्या नंदीसाठीं डबा घेतांना त्यावरील शिशाविषयींचा मजकूर अगोदर वाचावयास हवा.